घाबरल्या जिवाला फुंकर

परीक्षांचे दिवस आले, की काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मला हटकून आठवतो. बारावीचा पहिला पेपर होता. घंटा व्हायला दहाएक मिनिटे बाकी होती आणि मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभा होतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी एकाएकी धापा टाकू लागली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मानसशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय. भीती म्हणजे काय, यावर मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. मोठ्या विश्वासाने मी पुढे झालो आणि म्हणालो, "घाबरू नकोस. मोठा श्वास घे. अजून मोठा घे." त्या बिचारीने माझा शब्द तंतोतंत पाळला. ती भराभर मोठमोठे श्वास ओढू लागली. मिनिटाभरात तिच्या बोटांना मुंग्या आल्या, बोटे वाकडी होऊन आखडली आणि "सर, मला गरगरतंय," असे म्हणत तिने बाकावर डोके टेकले.

वर्गात पाणी देणाऱ्या मावशी धावत आल्या. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला, मुलीच्या शेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळ, आता श्वास घ्यायचं बघू नको. सोड. ऊन दुधावर फुंकर घालतीस न्हवं? तशी घाल. हळू. साय नुसती सरकली पाहिजे, दूध सांडाय नको." मुलीने फुंकर घातली. मावशीही तिच्याबरोबर घालू लागल्या. सात-आठ फुंकरांत बोटे सुटली, चेहऱ्यावर रंग आला. घंटा झाली आणि मुलीने पेपर लिहायला घेतला.

मावशींची शाळा चौथीत सुटलेली. पण त्या दिवशी माझा सल्ला चुकला होता आणि त्यांचा बरोबर होता. तो बरोबर का होता, हे मी नंतर पुस्तके काढून समजून घेतले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे. माझ्यासारखीच चूक घरोघर आणि शाळोशाळी होत असते. कुणी घाबरले की आपण म्हणतो, "दीर्घ श्वास घे." त्यातला "घे" हा शब्दच घोटाळा करतो.

आधी भीतीने शरीरात काय होते ते पाहू. समजा, दिवेलागणीच्या सुमारास तुम्ही बांधावरून घरी चालला आहात. पायाजवळ काहीतरी काळे, लांबट पडलेले दिसते. छातीत धस्स होते, अंगावर काटा येतो आणि काय आहे ते कळायच्या आत तुम्ही दोन हात मागे उडी मारलेली असते. मग बॅटरीच्या उजेडात नीट बघता, तर ती ठिबकची नळी! तुम्हांला हसू येते. साप नव्हता हे डोक्याला कळले; छाती मात्र अजून धडधडतेच आहे. घशाची कोरड गेलेली नाही. असे का?

धोक्याची शंका येताच मेंदू शरीरभर इशारा धाडतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या लहान ग्रंथी अ‍ॅड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात सोडतात. हृदय जोराने चालते, श्वास भरभर होतो, पचनाचे काम मागे पडते आणि रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या तयारीचा अर्थ लावला. तो असा, की प्राणी एक तर लढायला सज्ज होतो, नाही तर पळायला.

समोर खरोखरच साप किंवा बिबट्या असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण आपल्या रोजच्या भीती कोणत्या? प्रश्नपत्रिकेची. बँकेतून आलेल्या नोटिशीची. दवाखान्यात तपासणीच्या कागदावर काय लिहून येईल याची. अशा ठिकाणी कुणाशी लढायचे नसते आणि कुठे पळायचेही नसते. अंगात आलेली ती सारी ताकद मग आतल्या आत घुसळत राहते. पाठ केलेले उत्तर आठवत नाही, सही करताना हात कापतो, नको ते शब्द तोंडून जातात. माणूस भित्रा आहे म्हणून हे होत नाही. निरोगी शरीर चुकीच्या वेळी आपले काम चोख बजावत असते, म्हणून होते.

आता ही तयारी उतरवायची कशी? आपल्या शरीराच्या गाडीला निसर्गाने आसूडही दिला आहे आणि कासराही दिला आहे. आसूड म्हणजे दौडायला लावणारी चेतासंस्था. शाळेच्या पुस्तकात तिला अनुकंपी म्हणतात. कासरा म्हणजे वेग आवरणारी, परानुकंपी चेतासंस्था. कासऱ्याची मुख्य दोरी म्हणजे व्हेगस नावाची लांब चेता. ती मेंदूच्या बुडापासून निघते, मानेतून छातीत उतरते, हृदयाला व फुप्फुसांना शाखा देते आणि पोटापर्यंत जाते. मौज अशी, की हृदयाला कुणीच आवरले नाही आणि कुणीच हाकलले नाही, तर ते आपल्या चालीने मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मात्र बहुधा ६० ते ८० च्या दरम्यान असते. म्हणजे स्वस्थ वेळी हा कासरा कायम थोडा ओढलेला असतो.

तुम्ही म्हणाल, "कासरा आहे हे खरे, पण तो आमच्या हातात कुठे आहे?" शंका रास्त आहे. "हळू चाल" असे हृदयाला सांगून ते ऐकत नाही. जठराला हुकूम देता येत नाही, घाम थांब म्हटल्याने थांबत नाही. शरीरातल्या या आपोआप चालणाऱ्या कामांत श्वास तेवढा निराळा आहे. झोपेत तो आपोआप चालतो, आणि जागेपणी आपण म्हणू तसा लांबवता येतो, थांबवता येतो, मोजता येतो. कासऱ्याचे टोक आपल्या हाताला लागते ते इथे.

हे खरे की खोटे, ते पाहायला उपकरण लागत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात अवश्य करा. मुलांना ताठ पण सैल बसवा. उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवून नाडी शोधायला सांगा. नाडी सापडली, की चार अंक मोजत श्वास आत घ्यायचा आणि सहा अंक मोजत बाहेर सोडायचा. पाच-सहा वेळा असे केले, की बऱ्याच मुलांच्या ध्यानात येईल : श्वास आत येताना नाडी जरा लगबगीने चालते, बाहेर जाताना रेंगाळते. वय लहान असले म्हणजे हा फरक अधिक ठळक असतो. हृदयाला काही बिघाड झाला आहे असे मुलांना वाटू देऊ नका. निरोगी हृदयाची चालच अशी आहे. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली या चढउताराची उपकरणावर नोंद केली होती. श्वास घेताना कासरा सैल होतो, सोडताना ओढला जातो. मग कासरा जास्त वेळ ओढलेला राहावा असे वाटत असेल, तर काय लांबवायला हवे? उच्छ्वास. मावशींची फुंकर तेच करत होती.

आता माझे कुठे चुकले ते सांगतो. मला वाटले, मुलीला हवा कमी पडते आहे. खरे म्हणजे तिला हवा कमी पडत नव्हती, जास्त होत होती. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गावोगाव पोहोचले. त्यावर निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणजे साध्या श्वासातही रक्त ऑक्सिजनने जवळजवळ भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग? भराभर श्वासाने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभसा बाहेर जातो. आपण त्याला टाकाऊ वायू म्हणतो, पण तो रक्तात ठरावीक प्रमाणात असावाच लागतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. रक्तातील आम्लाचा तोल ढळतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, बोटे आखडतात. माणसाला वाटते, आता आपला जीव जाणार. त्या भीतीने तो आणखी जोराने श्वास ओढतो. म्हणजे आगीत तेल. मी "अजून मोठा घे" म्हणत होतो, तेव्हा माझ्या हातून तेच तेल ओतले जात होते.

इथे एक गोष्ट गावातल्या पोरांसाठी सांगून ठेवतो. उन्हाळ्यात विहिरीवर पोहताना पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो, याच्या पैजा लागतात. काही पोरे बुडी मारण्याआधी दहा-वीस जोराचे श्वास घेतात. हे फार घातक आहे. "आता श्वास हवा" ही तळमळ ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. तो आधीच बाहेर टाकला, तर तळमळ उशिरा होते. तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि पोरगे पाण्याखालीच बेशुद्ध पडते. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही असे प्राण गेलेले आहेत. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी श्वासाचे कसलेही प्रयोग नकोत, हे मुलांना बजावून सांगा.

आता प्रत्यक्ष कृती. तीन रीती सांगतो. तिन्हींचे मर्म एकच आहे : सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा.

पहिली रीत फुंकरेची. बसलेले असाल तर पाठ टेका, उभे असाल तर खांदे सैल सोडा. आधी आत असलेली हवा सावकाश सोडून द्या. मग नाकाने, मनातल्या मनात चार मोजत, साधासा श्वास घ्या. छाती फुगवायची नाही. पोट किंचित पुढे आले म्हणजे झाले. छाती आणि पोट यांच्या मधला पडदा खाली सरकला, की पोट पुढे येते. मग ओठांचा चंबू करून, सहा मोजत, ऊन दुधावर घालावी तशी फुंकर घाला. जोर लावायचा नाही. घेणे आणि सोडणे मिळून दहा सेकंद झाले, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. चार आणि सहा जड वाटत असतील, तर दोन आणि तीन मोजा. अंक महत्त्वाचे नाहीत, प्रमाण महत्त्वाचे आहे. असे एक-दोन मिनिटे करा.

दुसरी रीत सुस्काऱ्याची. फार रडलेले लहान मूल शांत होताना कसे श्वास घेते, ते आठवा. एकापाठोपाठ एक असे दोन हुंदके आत, आणि मग एक लांब सुस्कारा. कुणी शिकवलेले नसते. आपण सारेच नकळत दर काही मिनिटांनी असा एखादा खोल श्वास घेत असतो. फुप्फुसांतले बारीक वायुकोश मिटलेले असतात, ते त्याने पुन्हा उघडतात. हेच जाणून करायचे. नाकाने श्वास घ्या. तो पुरा झाला असे वाटताच वरून आणखी एक छोटासा घोट घ्या. मग तोंडाने लांबलचक सोडून द्या. घाईच्या वेळी असे दोन-तीन सुस्कारे पुरतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांकडून महिनाभर, रोज पाच मिनिटे, निरनिराळ्या रीतींचा सराव करून घेतला होता. मनःस्थिती सुधारण्यात सुस्काऱ्याची ही रीत उजवी ठरली.

तिसरी रीत गुणगुणण्याची. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ मिटून भुंग्यासारखा "म्‌ऽऽऽ" असा आवाज करत सोडायचा. आवाज चालू ठेवायचा म्हटले, की हवा आपोआप बारीक धारेने जाते; मोजावे लागत नाही. लहान मुलांना हा खेळच वाटतो. आपल्याकडे तिला भ्रामरी म्हणतात आणि पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेत प्राणायामाचे जे आठ प्रकार दिले आहेत, त्यांत ती आहे.

प्राणायामाचे नाव निघाले, म्हणून थोडे सांगतो. श्वास जेवढा वेळ घ्यावा, त्याच्या दुप्पट वेळ सोडावा, हे प्रमाण आपल्या परंपरेत जुनेच आहे. पण ही गोष्ट श्रद्धेवर न सोडता प्रयोगशाळेत तपासावी, असा ध्यास महाराष्ट्रात एका माणसाने घेतला. स्वामी कुवलयानंद. मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या क्रिया करताना शरीरात काय घडते, ते त्यांनी क्ष-किरणांनी आणि उपकरणांनी तपासले व छापले. चमत्कारांच्या गोष्टी सांगण्यापेक्षा मोजून दाखवण्यावर त्यांचा भर होता. १९६६ साली ते गेले. त्यांची संस्था आजही काम करते आहे.

पुढे जगभर अशी मोजमापे झाली. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांचा एक अभ्यास आला. ख्रिस्ती लोकांची लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि आपल्याकडून तिबेटात गेलेला बौद्ध मंत्र, ही दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास किती होतो, ते त्यांनी मोजले. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या चालीत हृदय व रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येतात असे दिसले. धर्म निराळे, भाषा निराळ्या, पण श्वासाची चाल एकच. जात्यावर बसलेल्या आपल्या आयाआज्यांनी ओव्या गायल्या, त्याही एकेका लांब उच्छ्वासावरच. पहाटेच्या अंधारात, मनातले दुःख ओवीत घालून त्या दळत असत, तेव्हा धान्याबरोबर मनही हलके होत असेल, असे मला नेहमी वाटते.

भाषेतही याची खूण सापडते. फारसीत दम म्हणजे श्वास. तो शब्द आपण घेतला आणि त्याचे केवढे शब्दप्रयोग केले! दम धर. दम खा. दमाने घे. घाईला आलेल्या माणसाला वडीलधारी माणसे "जरा दमानं घे" म्हणतात, तेव्हा ती नकळत श्वासाचाच उपाय सांगत असतात.

हे सारे कुठे वापरायचे? पहिले ठिकाण वर्ग. पेपर हातात पडण्याआधी दोन मिनिटे साऱ्या वर्गाला फुंकरेची रीत करायला लावावी. एकट्या घाबरलेल्या मुलाला "तू कर" म्हटले, तर ते बावरते. सगळ्यांबरोबर ते सहज करते. आणि ही सवय परीक्षेच्या दिवशी प्रथम लावू नये. पोहायला पुरात शिकत नाहीत. जूनपासून रोज प्रार्थनेनंतर दोन मिनिटे ठेवली, तर मार्चमध्ये ती हाताशी येते.

दुसरे ठिकाण शिक्षक स्वतः. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली. रागाने चढलेला आवाज कायद्याने बंद होत नाही. रागातही आसूड तोच असतो, जो भीतीत असतो. पुढचा शब्द बोलण्याआधी फळ्याकडे तोंड करून दोन सुस्कारे टाकावेत. मी स्वतः हे करतो. मुलांना वाटते, सर फळा पुसताहेत.

तिसरे ठिकाण घर आणि शेत. कुणाला साप चावला, तर भीतीने तो माणूस धावपळ करतो, आणि हालचालीने विष लवकर पसरते. त्याला आडवे करा, चावलेला भाग हलू देऊ नका, शेजारी बसून त्याच्याबरोबर सावकाश फुंकर घाला. पण हे १०८ ची गाडी येईपर्यंत किंवा हाती येईल त्या वाहनातून दवाखान्यात नेताना. विषावर उतारा दवाखान्यातलाच. फुंकरेने विष उतरत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कारण आपल्याकडे फुंकर घालून विष उतरवण्याचा दावा करणारेही आहेत.

या उपायाच्या मर्यादाही नीट ध्यानात घ्या. छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, दम्याचा झटका असेल, तर मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. पूर्वी अशा वेळी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत. तसे करू नका, खरा आजार हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर ते जिवावर बेतते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी श्वास कोंडून धरण्याचे व भात्यासारखे जोराने फुंकण्याचे प्रकार मनाने करू नयेत. साधी हळू फुंकर चालते. तिनेही गरगरले तर थांबावे आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा.

लाभाचीही अतिशयोक्ती नको. २०२३ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा श्वासाच्या सरावाने मनावरचा ताण कमी होतो, पण तो बेताचाच, असे दिसले. श्वासाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, गेलेले माणूस परत येत नाही. ज्याच्या मनावर आठवडेच्या आठवडे मळभ आहे, झोप नाही, जगणे नको वाटते आहे, त्याला "श्वास सोड, बरे वाटेल" एवढेच सांगून वाटेला लावू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका आणि त्याला मदत मिळवून द्या. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा आकडा शाळेच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

मग श्वासाने मिळते काय? एखाद-दोन मिनिटांची उसंत. ती लहान वाटेल, पण माणसाचे बरेच काही त्या दोन मिनिटांत बिघडते. रागात उगारलेला हात, नोटीस न वाचताच केलेली सही, येत असलेले उत्तर विसरून कोरी ठेवलेली उत्तरपत्रिका. तेवढा वेळ माणूस भानावर राहिला, तर पुढचे काम त्याचे त्याला करता येते. त्या मुलीला मावशींनी उत्तरे सांगितली नव्हती. उत्तरे तिला येतच होती.

आज रात्री अंथरुणावर पडलात, की एवढे करून पाहा. एक हात पोटावर ठेवा. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. दहा वेळा. मध्येच अंक चुकला, तर पुन्हा एकापासून सुरू करा, स्वतःवर रागावू नका. आठवडाभर असे केले, म्हणजे रीत अंगवळणी पडेल. आणि पुढे कधी तुमच्या शेजारी कुणी घाबरून धापा टाकू लागले, तर त्याला "श्वास घे" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, पाठीवर हात ठेवा आणि आधी तुम्ही फुंकर घाला. तो तुमच्याबरोबर घालू लागेल.